तेलंगणाले भेटलं, विदर्भाले काहून नाही? (एक जर्नल, एक पेपर अन् माही फजिती)

पैनगंगाकाठ

राम राम मंडळी. धागा लांबन, पयलेच सांगून ठेवतो, चहा घेऊनच बसा.

मी तालुक्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो, सीएचबीवर. म्हणजे तास घेतला त पैसे, अन् ते बी पावसासारखे, आले त आले. बाकी टाईम सहा एकरात पऱ्हाटी अन् तूर. गाव केळापूर तालुक्यात, पैनगंगेच्या अलीकडं. पलीकडं आदिलाबाद जिल्हा, तेलंगणा. माहा साळा तिकडं रायते. त्याचं वावर अन् माहं वावर एकाच काळ्या मातीचं, पऱ्हाटी तीच, बोंडअळी बी तीच, तिले कुठं बॉर्डर समजते. पण २०१८ च्या खरिपापासून त्याच्या खात्यात रयतू बंधूचे (तिकडच्या सरकारची शेतकरी मदत) हंगामाले एकरी ४००० रुपये पडाले लागले, मंग ते ५००० झाले, अन् त्याच वर्षी त्याच्या मोटारीले चोवीस तास फुकट लाईन. मी इकडं रात्री दोनच्या लाईनीसाठी बॅटरी घेऊन धुऱ्यानं फिरून राह्यलो. पोळ्याले सासुरवाडीत गेलो की हा विषय निघतेच, अन् साळा मिशीतल्या मिशीत हासते.

आता मुद्दा. मागच्या महिन्यात मले 'कम्पॅरेटिव्ह पॉलिटिक्स' या जर्नलातला १९७० चा एक लेख भेटला. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतून निघते हे जर्नल, पयला अंक ऑक्टोबर १९६८ चा, वर्षाले चार अंक. लेख डँकवर्ट रुस्टोचा, लोकशाही जन्माले येते कशी याच्यावर. २७ पानं. पांढरकवड्यात झेरॉक्स काढली, त्यानं नेमकं पान १२ दोनदा काढलं अन् १३ काढलंच नाही, ते मोबाईलवर वाचा लागलं. जिनिंगसमोर कापसाच्या गाड्याईची लाईन होती, माहा नंबर लागेपर्यंत ट्रॉलीत कापसावर पडून सगळा लेख वाचून काढला. पानाईले रुई चिकटली ते अजून निघाली नाही.

रुस्टोनं काय केलं, त स्वीडन अन् तुर्कस्तान शेजारी ठेवले. आता सांगा, कुठं स्वीडन, कुठं तुर्कस्तान! तो म्हणते, लोकशाही टिकते काहून हा एक प्रश्न झाला अन् ती येते कशी हा दुसरा, दोघाईची खिचडी करू नका. येण्यासाठी पयली अट एकच, आपण सगळे एका घरातले हाओ याच्यावर बहुतेकाईले शंका नको. बाकी श्रीमंती, शिक्षण, हे पयलेच असाव लागते असं काही नाही. मंग लंबं भांडण होते, कोणीच जिंकत नाही, थकून नियम ठरतात, अन् नियमाची सवय लागते. मी वाचतावाचता म्हटलं हे त आपल्या भाऊबंदकीसारखं झालं, दोन्ही घरं कोर्टात चपला झिजवून थकली की मंग येऊन धुऱ्यावर दगड रोवतात, अन् पोराईच्या पिढीले तो दगड पयलेपासूनच तिथं होता असं वाटते.

तिथून डोक्यात किडा घुसला. आपण शंभर वेळा म्हणतो 'तेलंगणाले भेटलं, आपल्याले काहून नाही'. पण ते रडणं झालं. तोच प्रश्न नीट शेजारी-शेजारी ठेवून इचारला तर?

ठेवून पाहा. राज्यं नव्यानं पाडाले नेमलेल्या फाजल अली आयोगानं १९५५ ले एकाच अहवालात विदर्भ बी वेगळा सांगितला अन् हैदराबाद म्हणजे तेलंगणा बी वेगळा सांगितला. दोघाईले तेव्हा भेटलं नाही. मोठ्या घरात घेताना दोघाईच्या हातावर आश्वासनाचा कागद ठेवला, आपल्याले १९५३ चा नागपूर करार, त्याईले १९५६ चा जंटलमेन्स अॅग्रिमेंट. दोघाईची कागदावरून बोंब. घटनेत दोघाईसाठी कलम, आपलं ३७१ (२), त्याईचं ३७१ ड. दोघाईजवळ जुनी राजधानी, नागपूर अन् हैदराबाद. भाषा बी दोघाईची मोठ्या घरातलीच. म्हणजे 'आपली भाषा एक म्हणून नाही भेटलं' हे उत्तर कटलं, कारण तेलुगू बी एकच होती अन् २ जून २०१४ ले राज्य झालंच.

मंग फरक कशात? मले वाटते वजनात. डॅनिअल पोझनर म्हणून एक राज्यशास्त्रवाला आहे, त्यानं २००४ मध्ये आफ्रिकेतल्या मलावी अन् झांबियाच्या बॉर्डरवरचा अभ्यास छापला. चेवा अन् तुंबुका, तेच दोन समाज, रेघेच्या दोन्ही बाजूले. मलावीत एकमेकाईचे विरोधक, झांबियात दोस्त. कारण काय, मलावी लहान देश, तिथं हे दोघं एवढे मोठे की एकेकाच्या भरवशावर राजकारण चालते. झांबियात दोघं बी चिल्लर, म्हणून एकत्र. भाषा-संस्कृती तीच, फक्त आखाडा बदलला. आता आपला हिशोब: अखंड आंध्रात २९४ पैकी तेलंगणाच्या ११९ जागा, म्हणजे शंभरात चाळीस. महाराष्ट्रात २८८ पैकी विदर्भाच्या ६२, शंभरात एकवीस-बावीस. खासदार तिकडं ४२ पैकी १७, इकडं ४८ पैकी १०. चाळीस टक्केवाला रुसला त घर हालते, वीस टक्केवाला रुसला त म्हणतात जेवाले बोलवा, येईन.

हे लिहून काढलं, अन् इथं माही फजिती. पीएचडीसाठी पेपर लागते म्हणून एका 'आंतरराष्ट्रीय' जर्नलाले पाठवला. तिसऱ्या दिवशी स्वीकारला, १८०० रुपये मागतले, भरले. सर्टिफिकेटवर माहं आडनाव चुकलं, अन् लेखात तेलंगणाच्या जाग्यावर दोनदा 'तेलगी' छापलं. दोन प्रश्न. एक, माही टोपी झाली का? दोन, हा तर्क पटते का तुमाले? पटला त इंग्रजीत नीट लिहून न्यूयॉर्कच्या त्या खऱ्या जर्नलाले पाठवाचा इचार हाय.

ढेपवाला

जय विदर्भ! सर, टोपी झाली, आता इचारू नका 🙏 'तेलगी' वाचून बायको धावत आली काय झालं म्हणून. उत्तर सोपं हाय, आपले नेते मुंबईत गेले की त्याईले नागपूर फक्त हिवाळी अधिवेशनात दिसते, संत्री खातात अन् जातात.

लायब्ररीवाली

सर, मी एका अनुदानित कॉलेजच्या ग्रंथालयात आहे, वाशिम जिल्ह्यात. तीन दिवसांत तर आमच्याकडे नवीन पुस्तकावर दाखल-शिक्का पण बसत नाही, त्यांनी तुमचा पेपर कोणाला वाचायला दिला हो?

खऱ्या जर्नलात असं चालतं: आधी संपादक बघतात, आपल्या विषयातलं नसेल तर तिथूनच परत. पुढे गेलं तर तुमचं नाव काढून दोघातिघांकडे जातं, त्यांना तुम्ही माहीत नाही, तुम्हाला ते माहीत नाहीत. कित्येक महिने जातात. बहुतेक वेळा नकार, आणि नशीब असेल तर 'दुरुस्त करून परत पाठवा'. तो नकार सुद्धा दोन-तीन पानांचा असतो आणि फुकट असतो. तुमच्या १८०० मध्ये एक ओळ तरी शेरा आला का?

आणि पीएचडीसाठी पेपर 'लागतेच' हे तुम्हाला कोणी सांगितलं? २०१६ च्या नियमात प्रबंधाआधी पेपर हवा होता, यूजीसीने नोव्हेंबर २०२२ च्या नियमात ती सक्ती काढली. विद्यापीठाचा स्वतःचा नियम असेल तर तो वेगळा, तो विचारून घ्या. २०१८ मध्ये यूजीसीने आपल्याच यादीतून ४३०५ जर्नलं एका झटक्यात काढली होती, मग २०१९ ला मान्य जर्नलांची नवी 'केअर' यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती पण बंद केली. आता कोणतं जर्नल खरं ते ज्याचं त्याने बघायचं. आमच्याकडे दर आठवड्याला कोणीतरी असंच सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेऊन येतं, मला सांगायला जिवावर येतं.

जेस्टोरवर (जर्नलांचं ऑनलाईन ग्रंथालय) फुकट खातं काढा, महिन्याला १०० लेख ऑनलाईन वाचता येतात. तुमचं १३ नंबरचं पान पण तिथे आहे 😄

सदाशिव_नाही

इंटरेस्टिंग धागा. पण मेथडवर थोडं बोलायला हवं. तुम्ही जे केलंय ती जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्वज्ञाची जुनी पद्धत झाली, दोन सारख्या केसेस घ्या, निकाल वेगळा आहे, मग जो एक घटक वेगळा दिसेल तो कारण. गंमत म्हणजे खुद्द मिलनेच म्हटलं होतं की राजकारणाला ही पद्धत लागू पडणार नाही, कारण दोन समाज सगळ्या बाबतीत सारखे आणि एकाच बाबतीत वेगळे असं कधी सापडतच नाही. लायपहार्ट या राज्यशास्त्रज्ञाने १९७१ च्या लेखात हेच दुखणं मांडलंय, केसेस थोड्या आणि कारणं भरमसाट. तुमच्याकडे केसेस दोन. फरक मात्र मी बसल्या बसल्या वीस काढून देतो. पुण्यात बसून का होईना :)

ढेपवाला

काढा ना मंग भाऊ वीस, पुण्यात लाईन बी जात नाही, टाईम हाय तुमच्याजवळ.

बेरार१८५३

वीस कायले, मी चारच काढतो. सर, तुमचं 'सारखं-सारखं' वाचाले गोड लागते, पण माह्या हिशोबानं ते इतिहासातच फाटते.

वऱ्हाड बी निजामाचंच होतं, हे खरं. पण १८५३ ले त्यानं ते इंग्रजाले देऊन टाकलं, अन् १९०३ ले ते मध्य प्रांताले जोडलं. म्हणजे आपला शेतकरी शंभर वर्षं इंग्रजाच्या रयतवारीत, कापसाचा पैसा, रेल्वे, जिनिंग पाहत वाढला. तेलंगणा १९४८ पर्यंत निजामात, देशमुख अन् जहागीरदाराच्या बुटाखाली, तिथं १९४६ ते ५१ शेतकऱ्याईनं बंदुका उचलल्या. त्या लढ्याची आठवण गावागावात रायली. गाणी रायली. आपल्याकडं काय रायलं, करारातलं कलम कोणतं हे वकिलाले पाठ, गावातल्या म्हाताऱ्याले नाही.

दुसरं. तेलंगणाचं भांडण नोकऱ्याईवरून पेटलं. १९५२ चं मुल्की (म्हणजे तिथल्याच माणसाले नोकरी द्या) आंदोलन, मंग १९६९ चं पोट्ट्याईचं, उस्मानिया विद्यापीठातून. बाहेरचा माणूस हैदराबादेत येऊन खुर्चीवर बसला हे डोळ्यानं दिसत होतं. आपल्याकडं पुण्या-मुंबईचा माणूस नागपुरात येऊन कुठं बसला? त्याले यायचंच नाही, बदली झाली त रद्द करून घेते! तेलंगणा भांडला आलेल्या माणसाशी, आपण भांडतो न आलेल्या पैशाशी, न झालेल्या कालव्याशी. न आलेल्या गोष्टीवर मोर्चा काढणं लय अवघड जाते सर, मी काढून पाह्यला हाय.

तिसरं, तुमचं वजनाचं. १९७१ च्या लोकसभेत तेलंगणा प्रजा समितीचे १० खासदार निवडून आले, अन् आपल्याकडं नागपुरातून जांबुवंतराव धोटे. दहा असून बी तेव्हा भेटलं का? समितीच काँग्रेसमध्ये विरून गेली. टक्केवारी १९७१ ले बी जवळपास तेवढीच होती, २०१४ ले बी तेवढीच. न बदलणाऱ्या गोष्टीनं बदल कसा समजावता?

चौथं जेवण झाल्यावर.

पैनगंगाकाठ

काका, तिसऱ्या मुद्द्यानं हाड मोडलं माहं. खरंच की. एकाच जाग्यावर दोन काळ शेजारी ठेवाले पाहिजे होते, ते सुचलंच नाही.

गोंडवाना_पॅसेंजर

हाडं मोडूनच राह्यले त मी बी एक मोडतो, माफ करजा सर 😅

२००० साली तीन राज्यं झाली ते काहून सोडले तक्त्यातून? छत्तीसगड १ नोव्हेंबर, उत्तराखंड ९, झारखंड १५. आता तुमचा काटा लावा. छत्तीसगड जुन्या मध्य प्रदेशात ३२० पैकी ९० जागा, शंभरात अठ्ठावीस. झारखंड बिहारात ३२४ पैकी ८१, पंचवीस. अन् उत्तराखंड? यूपीच्या ४२५ पैकी २२. शंभरात पाच! वीसवाल्याले जेवाले बोलवत नाहीत म्हणता, मंग पाचवाल्याले आख्खं घर बांधून देलं ते कसं काय?

मी गोंदियाचा, छत्तीसगड गाडीनं घंट्याच्या आत. रायपूरले मामा रायते. राज्य झालं तेव्हा तिकडं काही लय मोठा लढा झाला असं मामाले बी आठवत नाही. सकाळी उठले अन् राज्य झालं होतं.

सदाशिव_नाही

+१. हा उत्तराखंडचा आकडा भारी आहे. यालाच म्हणतात केस निवडताना घोळ. आपल्याला हवी तीच जोडी घेतली की थिअरी नेहमी बरोबर येते.

पैनगंगाकाठ

थांबा थांबा, रात्रभर विचार केला याच्यावर, फवारणीचा पंप बी तसाच भरून रायला.

उत्तराखंड, झारखंड, छत्तीसगड, तिन्ही जाग्यावर मोठ्या घराच्या विधानसभेनंच ठराव करून हो म्हटलं होतं. यूपी, बिहार, एमपी. म्हणजे बाप स्वतःच म्हणते की पोराची वाटणी करून द्या. तिथं पोरगा दणकट हाय की लुकडा हे कोण पाहते? यूपीले २२ जागा गेल्याचं दुखलंच नाही.

तेलंगणात उलटं. जानेवारी २०१४ ले आंध्रच्या विधानसभेनं बिल फेटाळलं, तरी फेब्रुवारीत संसदेनं पास केलं. घटनेच्या कलम ३ मध्ये विधानसभेचं मत फक्त इचाराव लागते, मानाव लागत नाही. पण बापाच्या मनाविरुद्ध वाटणी करायची त पोरगा तेवढा वजनदार पाहिजे, शिवाय टाईम बी साधाव लागते. २००१ ले टीआरएस (तेलंगणा राष्ट्र समिती) हा पक्ष निघाला, २००९ ले त्याचा नेता केसीआरचं उपोषण झालं अन् ९ डिसेंबरले दिल्लीनं घोषणा केली. १९७१ ले वजन होतं पण दिल्लीत इंदिराबाई एकट्याच्या भरवशावर होत्या, त्याईले दहा खासदाराची गरज नव्हती. २००९ नंतरच्या दिल्लीले एकेक खासदार मोजून घ्याव लागत होता.

म्हणजे रस्ते दोन झाले. एक संमतीचा, तिथं वजन लागत नाही. एक जबरदस्तीचा, तिथं वजन अन् दिल्लीची गरज दोन्ही लागतात. विदर्भ दोन्ही रस्त्याच्या मधात उभा हाय, मुंबईची विधानसभा हो म्हणत नाही अन् दिल्लीले दाबाले ६२ जागा पुरत नाहीत. आता सांगा, हे उभं रायते का?

बेरार१८५३

आता बरं वाटलं वाचून. चौथा मुद्दा हाच होता, तुम्हीच काढला. एक जोडून घ्या, आपल्या वणीचे बापूजी अणे १९६२ ले नागपुरातून अपक्ष उभे रायले अन् निवडून बी आले, म्हणजे लोकाईनं मत देलं नाही असं नाही. पण त्या मताचा पक्ष झाला नाही. प्रत्येक पक्षाले इकडच्या मतापेक्षा आख्ख्या महाराष्ट्राची खुर्ची मोठी दिसली, हे मी कोण्या एका पक्षाले बोलून राह्यलो नाही, चारही मांडवातले जेवण जेवलो हाओ.

झाडीपट्टी

'विदर्भ विदर्भ' करून राह्यले तुम्ही सगळे, पण विदर्भ एक हाय हे कोणी ठरवलं? रुस्टोची पयली अट काय म्हणे, एका घरातले हाओ याच्यावर शंका नको. मी गडचिरोलीचा. अकोला मले मुंबईएवढंच दूर वाटते. वऱ्हाडातले कापूसवाले, आम्ही धानवाले, अन् आमच्यात बी गोंड-माडियाले तुमचा अकोला करार, नागपूर करार कोणी वाचून दाखवला होता? वेगळा विदर्भ झाला त राजधानी नागपूर, मंग आमची बोंब नागपूरच्या नावानं, बस.

अन् सर, बॉर्डरचाच अभ्यास करायचा त चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात या. तिथली १४ गावं महाराष्ट्र बी आपली म्हणते अन् तेलंगणा बी. लोकाईजवळ दोन्हीकडचे रेशन कार्ड, दोन्ही यादीत नाव, शाळा बी दोन भाषेच्या. तुमच्या मलावी-झांबियात त माणूस रेघेच्या एका बाजूले असते. इथं रेघच माणसाच्या घरातून जाते.

पैनगंगाकाठ

@झाडीपट्टी, भाऊ, हे एक नंबर. मी पयल्याच वाक्यात विदर्भ एक धरून चाललो अन् ते सिद्ध कराव लागते हे सुचलं बी नाही. जिवतीले येतो, कापूस निघाला की. तुमच्या ओळखीनं कोणाच्या घरी बसता आलं त पाहा, कॉलेजचं पत्र घेऊन आलो की लोकं सरकारी माणूस समजून बोलणं बंद करतात.

ढेपवाला

जिवतीले जाताना मले घ्या सर, गाडी माही. पण एक इचारतो, हसू नका. एवढं सगळं इंग्रजीत न्यूयॉर्कले पाठवून आमाले काय? इथं लिहिलं ते मले पुरं समजलं. ते जर्नल माह्या बापानं बी वाचलं नसतं.

लायब्ररीवाली

ढेपवाला दादा, हसत नाही, बरोबर विचारलं. सर, आधी मराठीतच लिहा. समाज प्रबोधन पत्रिका आहे, तिथे अशा विषयाला जागा असते. मराठीत एकदा नीट बसलं की कुठे पोकळ आहे ते आपोआप दिसतं, इंग्रजीत मोठ्या शब्दाखाली झाकलं जातं. मग इंग्रजीत करा, 'स्टडीज इन इंडियन पॉलिटिक्स' आहे, २०१३ पासून निघतं. न्यूयॉर्क त्यानंतर, आणि तिथे पाठवायच्या आधी गेल्या दोन वर्षांचे अंक चाळा, ते कोणत्या वादात आहेत ते बघा. त्यांना विदर्भाचं दुःख नको असतं. 'मोठं राज्य कधी फुटतं आणि कधी नाही' या प्रश्नात विदर्भामुळे नवीन काय कळलं, ते हवं असतं.

आणि ते तेलगीवालं सर्टिफिकेट फाईलला लावू नका हो. मुलाखतीत कोणी उघडून वाचलं तर?

सदाशिव_नाही

लायब्ररीवाली यांच्याशी सहमत. पैनगंगाकाठ, ड्राफ्ट झाला की मला पाठवा, मी रिव्ह्यूअर बनून फाडतो. फुकट. आणि वीस फरकांची यादी खरंच करतोय, आत्ता सात झालेत, त्यातले दोन काकांनी आधीच सांगितलेत.

पैनगंगाकाठ

पाठवतो भाऊ, फाडा बिनधास्त.

काल साळा आला होता, त्याले मोबाईलवर हा सगळा धागा वाचून दाखवला, मराठी वाचता येत नाही त्याले, बोलते मात्र आपल्यासारखंच. म्हटलं पाहा, तुमच्या राज्याचं गुपित काढून राह्यलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली, अन् म्हणे भाटो, रयतू बंधू भेटलं हे खरं हाय, पण हैदराबाद आमाले तीनशे किलोमीटर. आदिलाबादचा माणूस तिकडं बी कोपऱ्यातलाच. तुमच्या कागदात तेलंगणा म्हणून जो खाना पाडला, त्यात आमी कुठं बसतो ते सांग.

तक्त्यात तिसरा उभा खाना पाडला आता, वर 'लहान राज्यातला कोपरा' असं लिहिलं. खाली अजून काहीच नाही भरलं. उद्या तिसरा वेचा हाय, बाया सकाळी सातले येतात, परवा रात्री बसतो.